भेट काय द्यावी? वस्तू महिन्याभरानंतरही वापरात राहील असं काही सुचवा

निशिगंध

पुढच्या काही महिन्यांत आमच्याकडे प्रसंगांची रांगच लागली आहे. मोठे मामा निवृत्त होतायत, भाचा आठ वर्षांचा होतोय, एका मैत्रिणीला पहिलं बाळ झालंय, मामेबहिणीचं लग्न ठरलंय. एक जुना मित्र खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरीच आहे. आणि आजी. तिला द्यायला कुठला प्रसंग नाही, पण डोळ्यांमुळे तिचं वाचन सुटत चाललंय आणि ते मला बघवत नाही.

पैसे हा इथे मुख्य प्रश्न नाही. भेट निवडताना मी मनाशी एवढंच विचारते: वेष्टन उतरलं, मंडळी पांगली, महिना उलटला, तेव्हा ही वस्तू त्या माणसाच्या हाताशी असेल की माळ्यावर? जेफ गॅलाक, ज्युलियन गिवी आणि एलनॉर विल्यम्स या अभ्यासकांनी २०१६ मध्ये भेटींवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यांचं म्हणणं असं, की देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भेट उघडतानाचा चेहरा असतो, घेणाऱ्याला मात्र त्या वस्तूबरोबर पुढे राहायचं असतं. मला हे अगदी पटलं. शोभेच्या वस्तूंची नावं नकोत. ज्यांनी दिलेलं काही खरंच वापरात राहिलंय त्यांनी लिहा. का राहिलं तेही लिहा.

कागदवेडी

मामांसाठी लिहिते, कारण निवृत्तीची भेट हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

निवृत्त होणाऱ्या माणसाला लोक घड्याळ, शाल, स्मृतिचिन्ह देतात. त्याने आयुष्यभर केलेल्या कामाबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. त्यांच्या सोबत काम केलेल्या माणसांकडून पत्रं गोळा कर. पण ‘शुभेच्छा लिहून द्या’ असं सांगू नकोस, नाहीतर सगळ्यांची एकसारखी चार वाक्यं येतील. ‘मामांबरोबरचा एक प्रसंग लिहा, जो दुसऱ्या कुणाला माहीत नसेल’ असं माग. मग लोक खरं लिहितात. कुणाला त्यांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं, कुणाची चूक कशी पोटात घातली, अशा गोष्टी घरच्यांनाही कधी कळलेल्या नसतात.

जोडीला जुने फोटो. घरोघरी जे चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम आहेत, ते फोटोंचे शत्रू आहेत. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटोला कायमचा धरून बसतो. पीव्हीसीच्या पारदर्शक कप्प्यांमधून निघणारी रसायनंही फोटो खराब करतात. नवा अल्बम घेताना कागद आम्लमुक्त आहे का आणि कप्पे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे आहेत का, ते बघून घे. स्कॅन करताना फोटो आहे त्याच आकारात छापायचा असेल तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरतं, लहान फोटो मोठा करायचा असेल तर ६००. चिकटलेला फोटो ओढून काढू नकोस, पानासकट स्कॅन कर.

आणि मागे नावं लिही. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. फोटोत कोण आहे हे सांगू शकणारी माणसं कमी होत जातात आणि अल्बममधली निम्मी मंडळी अनोळखी होतात. मामांना शेजारी बसवून नावं विचारलीस आणि ते बोलताना फोनवर आवाज ध्वनिमुद्रित केलास, तर अल्बमपेक्षा ते ध्वनिमुद्रणच मोलाचं ठरेल.

सरळसोट

मी थोडा वेगळा सूर लावतो. विचारा आणि द्या. एवढंच.

‘विचारलं तर त्यात आपुलकी काय उरली’ ही समजूत फक्त देणाऱ्याची असते. फ्रान्सेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांनी २०११ मध्ये हेच तपासलं होतं. न मागता दिलेली भेट जास्त विचारपूर्वक वाटेल असं देणाऱ्यांना वाटत होतं. घेणाऱ्यांनी मात्र स्वतः मागितलेल्या भेटीची जास्त कदर केली. त्याआधी १९९३ मध्ये जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने हिशेब मांडला होता, की भेटीवर जेवढा खर्च होतो त्यातला एक दशांश ते एक तृतीयांश भाग घेणाऱ्याच्या लेखी वायाच जातो. लग्न ठरलेल्या बहिणीला सरळ विचार, ‘काय कमी आहे?’

शब्दसखी

सरळसोट, वॉल्डफोगेल यांनी लोकांना प्रश्न विचारताना भावनिक मोल बाजूला ठेवून किंमत सांगायला सांगितलं होतं. तेच बाजूला ठेवलं तर भेटीत उरतं काय? माझ्या धाकट्या जावेने मला माझ्या आईच्या हस्ताक्षरातला एक कागद चौकटीत बसवून दिला होता. तो माझ्याच घरातल्या जुन्या वहीत होता. मी तो कधी मागितला नसता, कारण तो मागावा हे मला सुचलंच नसतं. विचारून मिळतं ते आपल्याला आधीच ठाऊक असलेलं असतं.

सरळसोट

मान्य. पण अशी भेट देणारी जाऊ किती जणांना असते? जिचं आपल्यावर इतकं बारीक लक्ष असतं तिने बेलाशक मनाने द्यावं. जे वर्षातून एकदा भेटतात त्यांनी विचारलेलं बरं.

निशिगंध

तुम्हा दोघांच्या मधली एक वाट मला जमते. ‘काय हवंय’ असं विचारलं की माणूस ‘काही नको गं’ म्हणतो. त्याऐवजी ‘सध्या रोज कशाचा त्रास होतो’ असं गप्पांत विचारलं की माणूस भरभरून बोलतो: बॅगेचा पट्टा खांद्याला रुततो, रात्री उठलं की दिव्याचं बटण सापडत नाही, चावी कुठे ठेवली ते आठवत नाही. भेट तिथेच सापडते.

दोन पिल्लांचा बाबा

आठ वर्षांच्या भाच्यासाठी: खेळण्यातली अवजारं देऊ नका, खरी द्या. खरं भिंग, खरा होकायंत्र, चांगला टॉर्च, मोजपट्टी, छोटी दुर्बीण. या वयात मुलांना ‘हे खरं आहे’ याचं फार अप्रूप असतं आणि खोटी वस्तू ती लगेच ओळखतात.

मात्र घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बारीक सुटे भाग टाळा, घशात अडकतात. त्याहून धोकादायक म्हणजे बटण सेल. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा असेल तरच ते खेळणं घ्या. छोटे ताकदवान चुंबक असलेले खेळही नकोत. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात. मुलाला देताना त्याच्या घरात कोण कोण आहे ते आधी आठवा.

तारांगण

वर दुर्बिणीचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही.

मुलांना भेट म्हणून ज्या स्वस्त खगोलीय दुर्बिणी दिल्या जातात, त्यांच्या खोक्यावर ‘५०० पट मोठं दिसेल’ असं ठळक लिहिलेलं असतं. तो आकडा निरर्थक आहे. दुर्बिणीच्या मुख्य भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये धरला, तर त्याच्या साधारण दुप्पट इतकंच वर्धन कामाचं असतं. ६० मिमीच्या दुर्बिणीला १२० पट ही झाली कमाल मर्यादा, तीही हवा स्थिर असेल तेव्हा. त्यापुढे नुसता धूसर गोळा दिसतो. वर तिपाई इतकी डळमळीत असते, की मूल दोन रात्रींत कंटाळतं आणि ‘मला खगोल जमत नाही’ असं ठरवून टाकतं. हे मला फार लागतं, कारण दोष मुलाचा नसतो.

त्याऐवजी दोन्ही डोळ्यांनी बघायची साधी द्विनेत्री द्या. तिच्यावर ७×३५ किंवा १०×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये. मोठ्यांसाठी १०×५० उत्तम, पण आठ वर्षांच्या हातात ती जड होते आणि थरथरते, म्हणून त्याला ७×३५ किंवा ८×३० द्या. तेवढ्यातही चंद्रावरची विवरं दिसतात, कृत्तिकेचा पुंजका दिसतो. कोपर भिंतीला टेकवून हात स्थिर धरला तर गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. आणि आकाशाचा कंटाळा आला तर पक्षी आहेतच.

सोबत फिरतं तारकाचक्र, म्हणजे तारीख आणि वेळ जुळवली की तेव्हाचं आकाश दाखवणारी चकती, द्या, पण ते आपल्या अक्षांशासाठी बनवलेलं आहे का ते तपासा. सूर्याकडे द्विनेत्री कधीही वळवायची नाही, हे मात्र भेट देतानाच मुलाच्या डोळ्यांत बघून सांगा. आणि पहिल्या रात्री त्याच्याबरोबर गच्चीवर जा.

रात्रपाळी

मी रुग्णालयात काम करते, त्यामुळे आजारी मित्राबद्दल लिहिते.

फुलं नेण्याआधी विचारा. अतिदक्षता विभागात ती बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते त्यांच्याजवळ कुंडीतलं रोप तर नकोच, मातीत बुरशी असते. घरी मांजर असेल तर लिली टाळा. तिच्या परागानेसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. उग्र अत्तरं आणि सुगंधी मेणबत्त्या नकोत, औषधांमुळे आधीच मळमळत असतं.

खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्याला डोक्यावरून घालायचे कपडे त्रास देतात. पूर्ण पुढून उघडणारे, सैल, मोठ्या बटणांचे दोन सदरे द्या. लांब तारेचा चार्जर द्या, कारण पलंगाजवळ प्लग कधीच नसतो. एका हाताने वापरता येईल असं फोनचं किंवा पुस्तकाचं स्टँड द्या. ऐकायची पुस्तकं द्या. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टीही द्या. दिवसा झोपणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

आणि ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. आजारी माणूस कधीच सांगत नाही, त्याला संकोच वाटतो. ‘मंगळवारी संध्याकाळी येतो, तुझी बिलं भरायची राहिली असतील तर भरू आणि केस धुवायला मदत करतो’ असं ठरवूनच सांगा. दिवस आणि काम दोन्ही आपणच नेमायचं.

नवी आई

बाळाच्या भेटीबद्दल पोटतिडकीने सांगते. सगळे अगदी तान्ह्या मापाचे कपडे आणतात, कारण ते दिसायला गोड. बाळ बघता बघता त्यातून बाहेर येतं आणि निम्मे कपडे अंगाला न लागताच लहान होतात. सहा ते बारा महिन्यांच्या मापाचे घ्या आणि बाळ त्या वयाचं होईल तेव्हा ऋतू कोणता असेल याचा हिशेब करा. लोकरीचा कोट ऐन उन्हाळ्यात मापाला आला तर त्याचं करायचं काय?

उशी, दुलई, कडेला लावायच्या मऊ गाद्या, मऊ खेळणी यांतलं काहीही पहिल्या वर्षात बाळाच्या झोपायच्या जागेत ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तरी नेमकं तेच सगळ्यात जास्त येतं.

माझ्या वहिनीने मला तिची दुपार दिली. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी ती यायची, बाळ घ्यायची आणि म्हणायची, ‘दार लाव आणि झोप.’ बाकी एकही प्रश्न नाही. बाळाच्या नावाने आलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये माझ्या वाट्याला आलेली ती एकमेव भेट. आधीचं भावंड असेल तर त्याच्यासाठीही काहीतरी न्या, घरात त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

दोन पिल्लांचा बाबा

नवी आई, वहिनींना माझा नमस्कार सांगा.

रंगरेषा

थोडं बाजूचं, पण उपयोगी पडेल. छंद असलेल्या माणसाला त्या छंदाची वस्तू देणं सोपं वाटतं, प्रत्यक्षात तिथेच घसरायला होतं. जलरंगात काम करणाऱ्याला ४८ रंगांची पेटी देतात. तो त्यातले दहाबारा रंग वापरतो आणि बाकीचे मिसळून बनवतो. त्याला खरी गरज असते कागदाची. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), शंभर टक्के सुती जलरंगाचा कागद महाग असतो, म्हणून शिकणारे तो स्वतःसाठी घेत नाहीत, पातळ कागदावर काम करतात, तो फुगतो आणि त्यांना वाटतं आपला हातच वाईट. संपणारी पण उत्तम प्रतीची वस्तू द्या.

विणकाम करणाऱ्यांना लोकर देताना सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना ते वेष्टनावर बघा, नाहीतर स्वेटरच्या मध्यावर रंगाचा पट्टा उमटतो. फाउंटन पेनवाल्याला चित्रकलेची इंडिया इंक देऊ नका. तिच्यात लाख असते, ती आत सुकली की पेन कायमचं बंद पडतं. छंदाबद्दल आपल्याला काही कळत नसेल तर त्याच छंदातल्या दुसऱ्या कुणाला विचारा.

शब्दसखी

निशिगंध, आजीबद्दल. मोठ्या अक्षरांची पुस्तकं तुला कुणीही सुचवेल. त्याआधी दिवा बघ. वय वाढतं तशी बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळट पडतं आणि आत खूप कमी उजेड पोहोचतो. आपल्याला पुरेसा वाटणारा खोलीचा दिवा तिच्यासाठी अंधुक असतो. मान वळणारा वाचनाचा दिवा घे आणि तो तिच्या बाजूने, पानावर पडेल असा लाव, डोळ्यांवर नाही. भिंग घेशील तर फार जास्त पटीचं नको. पट वाढली की एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात आणि वाक्य तुटतं. दोन-अडीच पटीचं, टेबलावर उभं राहणारं घे, म्हणजे हात मोकळे राहतात. पण आधी डोळे तपासून घे. मोतीबिंदू असेल तर दिव्याने भागणार नाही.

आणि हे सगळं स्वतः बसवून दे. खोक्यात दिलेला दिवा खोक्यातच राहतो. फोन किंवा टॅब्लेट देणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं: शिकवणं हा भेटीचाच भाग आहे, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, न वैतागता.

चालता बोलता

वस्तूंऐवजी अनुभव द्यावा असंही एक मत आहे आणि त्याला आधारही आहे. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिल्नर यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की अनुभवाची भेट नातं जास्त घट्ट करते, देणारा त्या अनुभवात सोबत नसला तरीही. नाटकाची तिकिटं, पोहण्याचा वर्ग, कुंभारकामाची कार्यशाळा.

माझी एक पुरवणी: अनुभव देताना तो घेणं सोपं करा. मुदत संपत आलेलं कूपन आणि दोन तासांच्या अंतरावरचं नामांकित ठिकाण म्हणजे भेट नव्हे, काम झालं. घरात लहान मूल असेल तर नाटकाच्या तिकिटांबरोबर त्या संध्याकाळी मूल सांभाळण्याचं वचनही द्या, नाहीतर तिकिटं फुकट जातील.

कागदवेडी

या यादीत नसलेला एक प्रसंग: कुणाचं माणूस गेलं तेव्हा. तिथे वस्तू नकोच. गेलेल्या माणसाची आपल्याला ठाऊक असलेली एक आठवण लिहून द्या. ‘देव तुम्हाला बळ देवो’ असं लिहिणारे पुष्कळ असतात. ‘तुमच्या बाबांनी मला सायकल शिकवली होती’ हे लिहिणारे आपणच असतो. आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा जा. तोवर सगळ्यांचं येणंजाणं थांबलेलं असतं.

सरळसोट

लग्नाचं राहिलं की. नवं घर मांडणाऱ्यांना हत्यारांची पेटी द्या. चांगले स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पाना, हातोडी, मेजरिंग टेप, लेव्हल बघायची छोटी पट्टी. पडदे लावायच्या पहिल्याच दिवशी ती उघडली जाते. दोघंतिघं मिळून देणार असाल तर ड्रिल मशीनही बसेल त्यात. शिवाय एक छोटा अग्निशामक सिलिंडर. लग्नात कुणी देत नाही, पण घरात असायलाच हवा.

आणि बिलाची प्रत पाकिटात ठेवा, म्हणजे बदलून घेताना त्यांना संकोच वाटणार नाही.

निशिगंध

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आजीच्या डोळ्यांची तपासणी याच आठवड्यात, दिवा त्यानंतर. मित्राला पुढून उघडणारे सदरे आणि मंगळवार. मैत्रिणीची दुपार मी आजच फोन करून ठरवली. ती आधी ‘कशाला उगाच’ म्हणाली आणि मग वेळ विचारली. भाच्याला द्विनेत्री. बहिणीला हत्यारांची पेटी आवडेल का याची शंका होती, पण होणाऱ्या नवऱ्यापेक्षा तिलाच ठोकाठोकीची हौस जास्त आहे.

मामांच्या पत्रांचं काम मोठं आहे. कागदवेडीताई, लोक वेळेवर देतात का? आणि टाइप करून आलेली चालतील का?

कागदवेडी

खऱ्या तारखेच्या तीन आठवडे आधीची तारीख सांग, तरी दोघंचौघं शेवटच्या दिवशी देतीलच. लांबच्यांकडून टाइप केलेलं आलं तर घे, पण जवळच्यांना हाताने लिहायला सांग. सगळ्यांना एकाच मापाचे आम्लमुक्त कागद आधीच पाठवून दे, डाव्या बाजूला बांधणीसाठी दोन बोटं समास सोडायला सांग आणि पिग्मेंट शाईचं पेन वापरायला सांग. ती शाई पाण्याने पसरत नाही आणि उजेडात सहज फिकी पडत नाही. मूळ पत्रंच बांधून दे, आणि बांधायला टाकण्याआधी प्रत्येकाचं स्कॅन करून ठेव.